ट्रेसर अण्णा आणि मर्डोच्या वाटा

चढाच्या रेषा वाचताना ट्रेसर अण्णांना खरोखर दम लागायचा. नकाशावरच्या तपकिरी रेषांवरून त्यांचं बोट वर वर सरकत जाई. रेषा दाटल्या की श्वास जड होई. खिंड आली की बोट उचलून ते खुर्चीला पाठ टेकत आणि म्हणत, "हुश्श. आता उतार हाय." डोंगर असायचा स्कॉटलंडमधला. खुर्ची मात्र सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीतली, डुगडुगती, एका पायाखाली पुठ्ठा सारलेली.

मी वैरागहून टायपिस्ट म्हणून त्या कचेरीत आले, तेव्हा अण्णा पन्नाशी ओलांडलेले होते. साहेबांनी काढलेले नकाशे पारदर्शक कापडावर शाईनं उतरवायचे, हे ट्रेसरचं काम. अण्णांचं गाव दुधनी, घरची बोली कन्नड. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हाक मारली, "तंगी, जरा हिकडं ये की." मला वाटलं, कचेरीत कसली तरी टंचाई आहे. मग कळलं, कन्नडात तंगी म्हणजे धाकटी बहीण. परगावात एकटी राहणाऱ्या मुलीला त्या एका शब्दाचा किती आधार वाटला, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

ते स्वतःही एकटेच. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली. पुन्हा लग्न केलं नाही. बाळीवेशीत एक खोली, एक काळी सायकल, डब्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी. कचेरीत त्यांच्याशी सगळे चांगलं बोलत, पण सणाला घरी कुणी बोलवत नसे. पाच वाजता लोक घरी जात. अण्णा मात्र हात धुऊन, टॉवेलनं कोरडे करून, खणातून मर्डोचा नकाशा काढत.

मर्डो त्यांना मिळाला तो शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदात. इंग्रजी सायकलींच्या एका जुन्या मासिकाचं ते पान होतं. त्यात स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका पोस्टमननं विचारलं होतं, की अमुक ग्लेनमधून तमुक ग्लेनमध्ये सायकल घेऊन जाण्याची वाट कुणाला माहीत आहे का? ग्लेन म्हणजे दोन डोंगरांमधली लांबट दरी. अण्णांनी त्याला लिहिलं, वाट माहीत नाही, पण नकाशा पाठवल्यास शोधून देईन. मर्डोनं बहुधा गंमत म्हणूनच नकाशा पाठवला. अण्णांनी महिनाभर तो वाचला आणि मेंढपाळांच्या पुसट पायवाटेवरून एक बुटकी खिंड काढून दिली. मर्डो त्या वाटेनं गेला आणि त्यानं कळवलं, वाट आहे.

तेव्हापासून चार वर्षं हे चाललं. अण्णा मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायची. वाटेवर दोरा ठेवून ते अंतर मोजत. रेषा जवळ आल्या की पेन्सिलीनं फुली. "हितं उतरायचं म्हणून लिही. सायकल खांद्यावर." एकदा त्यांनी कडक भाकऱ्यांचं पार्सल पाठवलं. मर्डोचं उत्तर आलं, की भाकरी घराच्या छपरावर घालण्याजोगी आहे, पण खिंडीतल्या वाऱ्यात तिनंच जीव राखला. ते पत्र अण्णांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

मी एकदा विचारलं, "अण्णा, इतका नाद, आणि तोही माणूस नसलेल्या डोंगरांचा?"

त्यांनी शिसपेन्सिलीला टोक काढलं. "तितं एकटा मानूस दिसला तर कोन इचारत न्हाय, एकटा का म्हनून. डोंगरात एकटंच असतंय की."

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या कचेरीला उसंत नव्हती. दिवसभर अण्णा पाझर तलावांचे नकाशे उतरवत. जिल्ह्यात जागोजागी लोक रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसलेले. त्याच वर्षी मर्डोनं मोठी वाट मागितली. तो अण्णांहून चार वर्षांनी मोठा, नोकरीतून मोकळा झालेला. रेल्वे स्टेशनापासून समुद्रापर्यंत, चार दिवस, मधे रस्ता नाही. अण्णांनी दोन महिने घेतले. तिसऱ्या दिवशीच्या वाटेवर एक ओढा आडवा येत होता. पुलावरून जायचं तर अकरा मैलांचा वळसा. अण्णांनी सरळ ओढ्यातून वाट काढली.

मी टाइप करता करता थांबले. "पाणी असेल ना, अण्णा?"

"ह्या रेघंत?" ते हसले. नकाशावर ती निळी रेघ केसाएवढी होती. "आपल्याकडं ह्याच्यापेक्षा जाड रेघा हायत तंगी, आन् त्यात मानसं खडी फोडायलीत."

मीही हसले, आणि लिहिलं: ओढा लहान आहे, इथून ओलांडा.

मग सात आठवडे पत्र नाही. आलं ते दुसऱ्याच हस्ताक्षरात, मर्डोच्या शेजाऱ्याचं. वरच्या डोंगरात पाऊस झाला होता. मर्डो मधोमध असताना लोंढा आला. सायकल गेली. तो एका खडकाला धरून राहिला आणि दुसऱ्या सकाळी एका मेंढपाळाला सापडला. मांडीचं हाड खुब्यात मोडलं होतं. यापुढे सायकल नाही.

मी वाचत होते आणि अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. "जिता हाय न्हवं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी नकाशाची घडी घातली आणि खणात टाकली. त्या दिवशी ते सायकल हातात धरून चालत घरी गेले. मी मागं मागं वाटेतल्या तळ्यापर्यंत गेले. तिथे ते थांबले आणि म्हणाले, "मी पानी बघितलंच न्हाय तंगी. रेघ बघितली." मला म्हणायचं होतं, ते वाक्य मी टाइप केलं होतं. पण मी तळ्याकडे बघत उभी राहिले.

दोन महिन्यांनी मर्डोचं स्वतःचं पत्र आलं. चूक माझी, त्यानं लिहिलं होतं. पाणी वाढलेलं मला दिसत होतं, वळून पुलाकडे जाता आलं असतं. पण चार वर्षांत तुमच्या रेघेनं मला कुठेच चुकवलं नव्हतं. ती सोडून जाववेना.

या पत्रानं अण्णांचं समाधान झालं नाही. पुढे वर्षभर त्यांनी एकही नवी वाट आखली नाही. मग एक दिवस खण उघडला आणि जुन्या सगळ्या वाटा पुन्हा काढल्या. प्रत्येक ओढ्याचं नाव लिहून मर्डोला विचारलं, पावसात पाणी कुठवर येतं? मर्डो कळवायचा: गुडघा, कंबर, छाती. गुडघ्याच्या वर पाणी आलं, की अण्णा ती वाट खोडून पुलावर नेत, मग वळसा कितीही पडो. सगळ्या वाटा एका मोठ्या कापडावर उतरवायला त्यांना निवृत्तीपर्यंतचा वेळ लागला. ते कापड मर्डोला पाठवलं आणि अण्णा दुधनीला गेले. जाताना म्हणाले, "येत जा की." मी म्हटलं, "येते ना." दोन वर्षं मी गेले नाही.

गेले ते कचेरीच्या पत्त्यावर अण्णांच्या नावाचं पत्र आलं म्हणून. रविवारी सकाळच्या गाडीनं दुधनीला उतरले. अण्णा ओट्यावर बसले होते, वाळलेले, दाढी वाढलेली. मला बघून त्यांना काय करू नि काय नको झालं. स्वतः चहा केला, साखर दोनदा घातली.

पत्र एका तरुणाचं होतं. अण्णांच्या कापडावरून तो आणि त्याचे मित्र स्टेशनापासून समुद्रापर्यंत गेले होते.

"पुलावरनं न्हवं?"

"पुलावरून, अण्णा. चार दिवसांत वाटेत एकही माणूस भेटला नाही, असं लिहिलंय."

त्यांनी मान डोलावली. मग मी पुढची ओळ वाचली. ती मी गाडीतच वाचली होती. सबंध वाटेत ती त्यांना कशी वाचून दाखवायची, याचाच विचार केला होता. कापड त्या तरुणाला मर्डोच्या घरातलं सामान आवरताना मिळालं होतं. मर्डो हिवाळ्यात गेला. घर आता बंद आहे.

अण्णा कपबशी उचलून आत ठेवून आले, पुन्हा बसले, टॉवेलनं तोंड झाकून घेतलं. शेजारची म्हातारी धुण्याची बादली घेऊन चालली होती. ती थांबली आणि माझ्याकडे बघून विचारू लागली, "काय झालं ओ? कोन गेलं?"

मी काय सांगणार होते? मित्र म्हणावं, तर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

अण्णांनी टॉवेल बाजूला केला. "नम्म अण्णा होद," ते म्हणाले. आमचा थोरला भाऊ गेला.

म्हातारीनं बादली खाली ठेवली आणि पायरीवर बसली. ती त्यांना कित्येक वर्षं ओळखत होती. भाऊ असल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तरी तिनं ते विचारलं नाही. रीतीप्रमाणं जे विचारतात, तेच विचारलं.

"मागं कोन कोन हाय त्येंच्या?"

"मी हाय की," अण्णा म्हणाले.