दोन माणसांचा कॉफी फिल्टर

दुपारपासून हे लिहायचं टाळतोय. मध्ये सायकलसुद्धा पुसून झाली.

आई गेल्यापासून बाबांनी कॉफी सोडलीय. ती टोपात गूळ-जायफळ घालून उकळायची. मला ते जमत नाही, म्हणून आज कॉफीचं मशीन बघायला कुडाळला गेलो.

दुकानदार काका म्हणाले, "तुमच्याकडे लाइट जाता रे, मशीन नको. स्टीलचो फिल्टर घे. घरात किती माणसां?"

"तीन," मी सवयीने म्हणालो. मग म्हणालो, "नाय, दोनच. आई गेली."

त्यांनी समोर काढलेला मोठा फिल्टर उचलून मागे ठेवला आणि छोटा पुढे केला. मला तिथेच रडू फुटलं.

घरी बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "सगळो मुलूख हिंडतंस आणि ह्या खेळणा हाडलंस?" पण कॉफी ठिबकेपर्यंत ते ओट्यापासून हलले नाहीत.

घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या हातची चव तुम्ही कशी सांभाळता? सांगा ना.

थांबा, दारात रिक्षा आली. ताई उतरतेय! तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून बाबांनी तिला आईच्या बाराव्यालाही बोलावलं नव्हतं.

बाबा तिला 'ये' म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "फिल्टर पुरूचो नाय. टोप ठेव."