पेनड्राइव्हचं कुलूप

लेकीचे बोबडे बोल कुणी चोरून नेईल की काय, म्हणून नवऱ्याने त्यांचं रेकॉर्डिंग असलेल्या पेनड्राइव्हला कुलूप घातलं आणि पासवर्डच विसरला.

दुकानदार म्हणाला, “ताई, आतलं आता मिळणार नाही. फॉरमॅट करून देतो, अगदी नव्यासारखा होईल.”

“त्याला नाही लागत पासवर्ड?”

“छे! पुसायला कशाला लागतोय?”

माझं डोकंच फिरलं. सख्ख्या आईला ऐकायचं तर परवानगी हवी, आणि वाटेल त्याने येऊन सगळं पुसून टाकलं तरी चालतं? असा राखणदार दाराशी ठेवला असता, तर पहिल्याच दिवशी हाकलला असता!

मी पेनड्राइव्ह ओढून घेतला. “नव्यासारखा नकोय मला.”

लेक आता नोकरीला लागलीय. आत मात्र ती अजून दीड वर्षाचीच आहे.