चोक ओढून ठेव

आज सकाळपासून उजवा पाय दुखतोय आणि मी भलतीच खुशीत आहे. या खुशीतच हे तोंडातून निघेल, नाहीतर राहूनच जाईल. माझ्या नवऱ्याला हे कधी कळलं नाही, मुलीला नाही — आणि शिरीषला तर नाहीच. शिरीष म्हणजे माझा धाकटा भाऊ.

आम्ही नारायण पेठेत राहायचो तेव्हा बाबांची एक जुनी मोटरसायकल होती. थंडीत ती सुरू करणं म्हणजे दिव्यच. बाबांचा गुडघा धरलेला, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, दोन किक मारायच्या. नाही पकडलं तर — इथेच सगळी गंमत आहे — चोक लगेच बंद करायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळायचा आणि एक सणसणीत किक. धडधडधड! काय सांगू तुम्हाला! अख्ख्या गल्लीला कळायचं, मी उठलेय. समोरच्या काकू म्हणायच्या, “सासरी एवढ्या लाथा झाडू नकोस म्हणजे झालं.” मला त्याचासुद्धा अभिमान वाटायचा.

चालू मी करायचे, चालवायचे बाबा. गल्लीच्या तोंडापर्यंतही मला कधी नेऊ दिली नाही. मुलगी ना मी! शिरीषचं कॉलेज संपलं तशी बाबांनी किल्ली सरळ त्याच्या हातात दिली. त्याने मागितलीही नव्हती. तो उड्या मारत माझ्याकडेच आला, शिकव म्हणून.

मी शिकवलं. कॉक दाखवला, चोक दाखवला आणि म्हणाले, “चोक ओढून ठेव आणि मारत राहा. सुरू होईपर्यंत सोडायचा नाही.”

विसरले होते का मी? छे. चोक तसाच ठेवला की पेट्रोल जास्त होतं, प्लग ओला होतो, मग कितीही मारा, गाडी ढिम्म — मला पक्कं ठाऊक होतं. त्याने घामाघूम होऊन हाक मारावी, मी यावं, गुपचूप चोक बंद करावा आणि एका किकमध्ये… रोज तसंच व्हायचं. बाबा म्हणायचे, गाडी हिचंच ऐकते. मी फुगायचे.

मग त्याचा इंटरव्ह्यू आला, पिंपरीच्या एका कारखान्यात. त्या नोकरीशिवाय त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. सकाळी कडाक्याची थंडी. खाली किकचे आवाज येत होते आणि मी गोधडीत जागी होते. हाक मारेल, मग जाईन — खरं सांगू? मजेत वाट बघत होते. आवाज थांबले. हाक आलीच नाही. आदल्या दिवशी मला जरा कणकण होती, म्हणून ‘ताईला उठवू नको’ असं आईला सांगून तो बससाठी पळाला होता.

उशीर झाला म्हणून त्याला गेटवरूनच परत पाठवलं. पुढे तो बुधवार पेठेतल्या एका रेडिओच्या दुकानात लागला आणि तिथेच म्हातारा झाला. दगाबाज गाडी म्हणत बाबांनी मोटरसायकल विकून टाकली. शिरीषने नंतर जन्मभर सायकलच चालवली. मी गप्प राहिले.

आणि आज! त्याने तस्सीच एक जुनी गाडी कुठूनतरी शोधून, दुरुस्त करून घेऊन, टेम्पोत घालून आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत आणून उभी केली. माझ्यासाठी! म्हणाला, “आता कोण अडवतंय तुला?” मला नाचावंसं वाटलं. हौसेने त्यानेच आधी किक मारायला घेतली. मारतच राहिला, धापा टाकत, चोक ओढलेला तसाच.

“सुरू होईपर्यंत सोडायचा नाही ना, ताई? तूच शिकवलंयस.”

मी मान हलवली. मग त्याला बाजूला केलं, त्याला दिसणार नाही अशा बेताने चोक बंद केला आणि एक किक मारली. धडधडधड! लग्नानंतर स्कूटर शिकले होते, ती कामी आली. सोसायटीला चकरा मारताना मी लहान मुलीसारखी हसत होते, आणि शिरीष टाळ्या वाजवत सगळ्यांना सांगत होता, गाडी हिचंच ऐकते.