नानांच्या नावची सव्वा मूठ

सासरी धरणगावला कानबाई देवीचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे असले की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू दळायला काढतात. बाईच्या नावाने काढत नाहीत. रोट मात्र घरातल्या सगळ्यांनी खायचे आणि बाहेरच्याला कणभरही द्यायचे नाहीत. लग्न होऊन गेलेल्या मुलीलासुद्धा नाही. माझ्या माहेरच्या कानबाईचा रोट मला लग्नानंतर कधी मिळाला नाही, आणि मीही मागितला नाही. पद्धतच तशी म्हटल्यावर बोलणार काय.

माझे मोठे दीर अमेरिकेत असतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. शिकायला गेले, नोकरीला लागले आणि तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी तेव्हापासून रांगेत आहेत. एकदा देश सोडला तर परत आत घेतील की नाही या धास्तीने ते आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनलाही आले नाहीत. पण सासूबाई त्यांची सव्वा मूठ सगळ्यांत आधी काढतात आणि त्यांच्या नावचा रोट फोनवर त्यांना दाखवतात. मग तो दुसरंच कोणीतरी खातं.

त्या वर्षी मी माझ्या धाकट्या भावाला धुळ्याहून अक्षरशः ओढून आणलं होतं. तोही अमेरिकेला जाऊन आलेला. एजंटच्या नादी लागून, जंगलातून, चोरवाटेने गेला. पकडला गेला आणि हातापायांत बेड्या घालून विमानाने परत पाठवला गेला. आल्यापासून घराबाहेर पडत नव्हता. दाढी वाढवून भिंतीकडे तोंड करून पडून असायचा आणि आई त्याच्या उशाशी बसून रडायची. मला वाटलं, चार माणसांत बसेल, दोन घास खाईल, जरा माणसात येईल. सासूबाई म्हणाल्या, येऊ दे, त्याच्यापुरत्या पोळ्या वेगळ्या करू. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी पंगत बसली. सगळ्यांच्या ताटांत रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी आणि खीर, माझ्या भावाच्या ताटात पोळ्या. मधोमध तांब्याला टेकवून ठेवलेला फोन, त्यात नाना. त्यांनी भावाची चौकशी केली, तब्येत विचारली, आणि मग सुरू झाले. चोरून घुसणाऱ्यांमुळे आमच्यासारख्या सरळ माणसांकडेही संशयाने बघतात. आम्ही वर्षानुवर्षं रांगेत, हे मधूनच शिरणार. बेड्या घातल्या ते बरंच केलं, त्याशिवाय यांना अक्कल येत नाही. हे सगळं अगदी गोड आवाजात, माझ्या भावाकडे बघून. सासरे मान डोलवत म्हणाले, आपल्याकडेही तेच, कापसाच्या जिनिंगवर बघावं तर सगळे परराज्यातले, हाकलले पाहिजेत एकेकाला.

रांगेत उभ्या असलेल्या माणसाची चीड मला कळत होती. पण ती समोर जेवत असलेल्या माणसाच्या ताटात थुंकायची काय गरज होती? भाऊ घास चावायचा थांबला होता. माझं डोकं फिरलं.

"नाना," मी म्हटलं, "इथे आई तुमची मूठ सगळ्यांत आधी मोजतात. तिथे तुम्हाला अजून कोणी मोजलेलंच नाही."

कुठे लागेल ते मला नीट माहीत होतं आणि ते तिथेच लागलं. फोनमधला चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नवरा माझा पदर ओढत होता. तो झटकून मी उठले, देवीपुढचा नानांच्या नावचा रोट उचलला आणि भावाच्या ताटात ठेवला.

"तो बाहेरना शे," सासूबाई म्हणाल्या. "त्याले चालत नही."

"मग नाना कुठले आहेत?"

सगळे माझ्या भावाकडे बघत होते. त्याने पोळ्यांवरून तो रोट दोन्ही हातांनी उचलला, उठून देवीसमोर परत नेऊन ठेवला आणि वाकून नमस्कार केला. मग खाली मान घालून म्हणाला, "अक्का, एकदा घुसनू मी. आते पुरं."

नानांनी फोनमधून हूं केलं. सासरे पुन्हा जेवायला लागले. आणि सासूबाई, ज्यांनी दिवसभरात त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं, त्या तुपाची वाटी घेऊन उठल्या. "तुना भाऊ तुनापेक्षा समजदार शे," मला म्हणाल्या, आणि त्याच्या पोळीवर स्वतःच्या हाताने तूप वाढलं. तो ती पोळी सगळ्यांसमोर शेवटच्या घासापर्यंत खात राहिला.