आभाराचा गुरुवार

आमच्या घरात चौतीस वर्षं कुणी कुणाचे आभार मानले नव्हते, त्यामुळे घर अगदी सुखात चाललं होतं.

नोव्हेंबरात मुलगा निखिल आणि सूनबाई केतकी अमेरिकेहून गंगाखेडला आले. केतकी मूळची पुण्याची. चहा घेता घेता ती म्हणाली, "बाबा, या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंग. सगळं घर एकत्र जेवायला बसतं आणि प्रत्येक जण कुणाचे तरी आभार मानतो. आपण इथे करू या?"

"गुरुवारी माझा मार्गशीर्षातला उपवास हाय," आमच्या सौभाग्यवती, म्हणजे सुमन, आतून म्हणाल्या. "संध्याकाळी सुटंल. तवा काय मानायचे ते माना."

मी निवृत्त इतिहास शिक्षक. (निवृत्त नोकरीतून झालो, इतिहासातून नाही!) असली संधी मी सोडतो होय? वालूरहून माझा धाकटा भाऊ भास्कर आणि त्याची बायको शोभा यांना बोलावलं आणि गुरुवारी पानं मांडायच्या आधीच तास सुरू केला.

"चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातून काही माणसं जहाजानं अमेरिकेत गेली. पहिल्या हिवाळ्यात निम्मी मेली. मग तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यांना मका पेरायला शिकवलं. पीक आलं, आणि सगळ्यांनी मिळून तीन दिवस जेवण केलं!"

"म्हंजे आपली येळवसच की!" शोभा म्हणाली. "रानात जाऊन पिकाची पूजा करायची, भज्जी खायची, आंबील प्यायची."

भास्कर शेतकरी माणूस. त्याची शंका वेगळी. "दादा, मंग जमीन कुणाकडं राहिली?"

"पाहुण्यांकडं."

"मका शिकवला आन् जमीन घालवली! मग आभार कोण मानायलंय, आन् कुणाचे?"

मी विषय बदलून स्वयंपाकाकडे वळलो. तिकडे टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात, हे ऐकून सुमननं पूजेच्या कलशाकडे पाहून हात जोडले. टर्की रद्द. "आणि भोपळ्याचा पाय करतात," केतकी म्हणाली.

"भोपळ्याला कवापासून पाय फुटले?" भास्कर.

तो खायचा पदार्थ आहे हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी भोपळ्याचे घारगे करायचं ठरलं.

पंगत बसली. केतकीनं सुरुवात केली. सासूबाई मला आठपर्यंत झोपू देतात म्हणून त्यांचे आभार, वगैरे. गोड बोलली. इथं थांबलो असतो तर! पण माझ्यातला मास्तर उठला. "मोघम आभार चालणार नाहीत! कशाबद्दल ते उदाहरणासह स्पष्ट सांगायचं."

भास्कर भाबडा. घास गिळून म्हणाला, "मी वहिनींचे आभार मानतो. घरी शुगरचं पथ्य. पण दर सोमवारी गंगाखेडला आलो की वहिनी तूप घालून पुरणपोळी वाढतेत. दोन, कवा तीन."

शोभाचा घास हातातच राहिला. "तीन? आन् मी सहा महिने रोज पहाटं कारल्याचा रस काढायलेय! डॉक्टर म्हणायलेत, रसाचा गुण का येईना!"

"शोभा, अगं, एकदाच..." सुमन म्हणाली.

"दर सोमवारी म्हणालेत ते!" शोभानं पदर खोचला. "आता मी मानते आभार. ताई, तुमचेच! ते अमेरिकेचं बिनतेलाचं तळायचं मशीन तुमी मला दिलं, लय उपयोगाचं हाय. आमी त्यात लसूण ठेवायलोत. उंदीर लागत न्हाईत."

आता केतकीचा घास हातात राहिला. ते मशीन तिनं सासूबाईंना पाठवलं होतं. "आई, तुम्ही तर फोनवर म्हणालात की रोज वापरता! वडे छान होतात म्हणालात!"

"होतातच की," सुमन म्हणाली. "कढईत."

"निखिल, आता तू बोल," मी घाईघाईनं म्हणालो.

"माझा घास चालू आहे," तो म्हणाला आणि पुढची दहा मिनिटं तो एकच घास चावत राहिला. (शहाणा मुलगा. आईवर गेलाय.)

आता घर सावरायचं तर मीच! मी पाण्याचा घोट घेतला, आवाजात भावना आणली आणि म्हणालो, "मी भास्करचे आभार मानतो. चौतीस वर्षांपूर्वी मला पूर्णेची एक मुलगी पसंत पडली होती. पण भास्कर तिथून निरोप घेऊन आला आणि म्हणाला, दादा, ते घर आपल्याला जमायचं नाही, मानवतची मुलगी बघ. मी त्याचं ऐकलं. म्हणून सुमन मला मिळाली!"

मला वाटलं, टाळ्या पडतील.

"म्हणजे बाबा," केतकी हळूच म्हणाली, "आईंना पाहताक्षणी पसंत केलं, असं तुम्ही नेहमी सांगता ते..."

सुमन उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. चौतीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो, भांडी आपटली तर प्रकरण मिटतं. हळू ठेवली तर लांबतं. भांडी फार हळू ठेवली जात होती! एवढी माणसं जेवायला बोलावून मी बायकोच्या उपवासाचं पारणं कडू केलं होतं.

ती घारग्यांचं ताट घेऊन बाहेर आली. सगळ्यांना वाढलं. माझ्या पानापाशी थांबली.

"माझी पाळी राहिलीय ना? मी त्या पूर्णेच्या बाईचे आभार मानते. तिनं यांना नकार दिला म्हणून."

"नकार?" मी ओरडलोच. "नकार कुणी दिला? मी माघार घेतली होती!"

भास्कर ताटात बोट फिरवत होता. "दादा, तवा तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई. या सोमवारी वहिनींनी तिसरी पोळी वाढली आन् तोंडातून निसटलं."

"पण नकार का?"

"जाऊ दे ना दादा."

"सांग! उदाहरणासह!"

"ती म्हणली, पोरगा चांगला हाय. पण तिला नाव विचारायच्या आधी त्यानं अर्धा घंटा निजामाचा इतिहास सांगितला. आन् सांगता सांगता तिच्या बापाच्या बशीतले पोहे खाऊन टाकले."

आधी शोभा हसली. मग केतकी. निखिलच्या तोंडातला तो ऐतिहासिक घास बाहेर उडाला. सुमन तर पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या हातातून दोन घारगे माझ्या पानात आपोआप पडले.

मी खाली मान घालून ते खाल्ले. मग केतकीला विचारलं, "हा सण वर्षातून कितीदा असतो?"

"एकदाच, बाबा."

तिकडच्या लोकांनी तो वर्षातून एकदाच ठेवला, याबद्दल मी त्यांचे अगदी अंतःकरणापासून आभार मानले. मनातल्या मनात!