प्रतिज्ञेतली जादा ओळ

चहा आधी संपवा. हा किस्सा ऐकताना माणसं हसतात आणि चहा माझ्या सतरंजीवर सांडतो. हसतात कोणाला? मलाच!

मी मूळची म्हसावदची. पण गेली तीन वर्षं नवापूरकडच्या डोंगरातल्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. सातवीपर्यंतची शाळा, बेचाळीस पोरं. घरी सगळी कोकणी बोलतात, म्हणजे गोव्याची नव्हे, इथल्या आदिवासींची बोली; मराठी फक्त शाळेत. म्हणजे त्यांची मराठी ती माझीच मराठी! मी बोलेन तशी ती बोलणार. याचा मला केवढा ताठा होता, काय सांगू!

त्यात यंदा मान मिळाला. सव्वीस जानेवारीला, तालुक्याच्या मोठ्या मैदानावर, सगळ्यांपुढे प्रतिज्ञा सांगणार आमची शाळा. आणि माइकपुढे उभी राहणार सहावीतली रोशनी. आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या टेकडीवरच्या शेळ्या चरायचं थांबतात! आमच्या पाड्याच्या शाळेला तालुक्याने याआधी कधी विचारलं होतं? मी तर भेटेल त्याला सांगत सुटले. दूधवाल्याला दोनदा सांगितलं.

दोन दिवस आधी केंद्रप्रमुख साहेब तालीम बघायला आले. आमच्या भागातल्या दहा-बारा शाळा त्यांच्याच हाताखाली. म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा गप्प उभ्या राहा. मुलांनाच म्हणू द्या."

मी आणि गप्प? पण राहिले.

रोशनीने सुरुवात केली, "भारत माझा देश आहे." मागून पोरं. एकेक वाक्य स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. माझी मान वर वर चाललेली. शेवटचं वाक्य झालं, साहेबांनी टाळीसाठी हात उचलले, आणि बेचाळीस पोरं एका सुरात, अगदी कळवळून म्हणाली,

"देवा रे देवा!"

साहेबांचे हात तसेच हवेत. साहेब शहाद्याकडचे, चिडले की अहिराणीवर येतात.

"हाई काय शे मॅडम? राष्ट्रीय प्रतिज्ञामा धार्मिक शब्द? कोनी टाकं हाई?"

"साहेब, मला खरंच माहीत नाही हो! ए पोरांनो, परत म्हणा बरं."

परत म्हणाली. या वेळी साहेबांसाठी म्हणून जरा जास्तच भक्तिभावाने!

"उद्यापर्यंत निस्तरा," साहेब गाडीला किक मारत म्हणाले. "नाहीतर मान दुसऱ्या शाळेला जाईल."

आता तुम्ही म्हणाल, पोरांनाच सरळ विचारायचं ना. अहो, तेवढी अक्कल असती तर हा किस्सा घडला असता का? मी आपलं डोकं चालवलं. प्रतिज्ञा पुढे कोण सांगतं? रोशनी. रोशनीचे वडील कोण? याकूबभाऊ. शेती करतात, आणि रविवारी चर्चमध्ये प्रार्थना सांगतात. झालं! सापडला चोर!

दुसऱ्या दिवशी पालकांची बैठक बोलावली. साहेबही आले. मी उभी राहून जे भाषण ठोकलं! राज्यघटना काय, सर्वधर्मसमभाव काय, प्रतिज्ञेचं पावित्र्य काय. पोरं खिडकीला लटकून ऐकत होती.

खिचडी शिजवणाऱ्या कमलताई मध्येच म्हणाल्या, "देवाचंच नाव आहे ना मॅडम? शिवी थोडीच दिली पोरांनी! राहू द्या की."

मागून एक आजोबा म्हणाले, "राहू द्यायचं तर नीट राहू द्या. आमच्या देवमोगरा मातेचं नाव टाका."

"मग येशूचं पण टाका!" दुसरा कोणी.

"आधी कोणाचं?"

एवढं पुरलं! आधी कोणाचं यावरून अशी जुंपली की साहेबांनी टेबल बडवलं तरी कोणाला ऐकू येईना.

तेव्हा याकूबभाऊ उठले. हळू बोलणारा माणूस. म्हणाले, "माझा देव रविवारी माझं सगळं ऐकून घेतो. पण प्रतिज्ञा आपण एकमेकांना देतो. त्यात 'बांधव' म्हटलंय. त्यात मी आलो, कमलताई आल्या, आजोबा आले, आणि देव न मानणारा पण आला. देवाचं नाव घातलं की पहिला प्रश्न, कोणाचा देव? मग आत्ता झालं तसं होणार. आहे तीच बरी आहे."

खरं सांगते, माझ्या तासभराच्या भाषणात एवढं नव्हतं. मी तिथेच बसायला हवं होतं. पण माझं तोंड!

"अगदी बरोबर याकूबभाऊ! मग तुमच्याच मुलीने का घातलं?"

याकूबभाऊंचा चेहरा उतरला. आणि खिडकीतून आवाज आला, तोच खणखणीत.

"मॅडम, ते तुमचंच आहे."

"माझं?" मी कडाडले. "रोशनी, आत ये! मी कधी म्हटलं?"

ती आत आली. डोळे भरलेले, पण मान खाली नाही. "रोज म्हणता. आत्ता म्हणा ना प्रतिज्ञा."

"म्हणते की! ऐका हो सगळे!"

उजवा हात समोर ताठ धरला, आणि प्रतिज्ञा म्हटली. काय म्हटली! एक शब्द इकडचा तिकडे नाही. शेवटचं वाक्य संपवलं, विजयी मुद्रेने साहेबांकडे बघितलं, आणि हात खाली घेतला.

आता या खांद्याचं सांगायचं राहिलंच. तीन वर्षं झाली, माझा उजवा खांदा आखडलाय. हात वर जातो कसाबसा, खाली येताना मात्र जीव जातो.

"देवा रे देवा!"

कोण म्हणालं? मीच म्हणाले! डाव्या हाताने खांदा धरून, अगदी कळवळून!

साहेब खुर्चीत आडवे. कमलताई पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या. तोंडातून गेलेलं मला कळत नव्हतं, आणि रोज सगळ्यांच्या वर ओरडणारी मीच, मग पोरं ऐकू कुठून येणार? त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, मॅडम म्हणतात म्हणजे तेही पाठच करायचं.

मी याकूबभाऊंपुढे हात जोडले. "चुकलं माझं. तुमच्या पोरीवर आळ घेतला, चारचौघांत."

"तिची माफी मागा मॅडम," ते म्हणाले. मागितली. तिच्यासमोर, सगळ्यांसमोर. लाज वाटली, पण हलकंही वाटलं.

सव्वीस जानेवारीला मैदान गच्च भरलेलं. स्टेजवर चढण्याआधी रोशनी माझ्याकडे आली. "मॅडम, तुम्ही आज हात वर करू नका. आणि म्हणू पण नका."

तिने प्रतिज्ञा सांगितली. सगळं मैदान तिच्यामागे म्हणत होतं. शेवटचं वाक्य झालं, आणि नंतर एक शब्द नाही! बेचाळीस पोरं तोंडं घट्ट मिटून उभी. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. अहो, आमच्या पाड्याची पोरगी सांगत होती आणि सगळा तालुका म्हणत होता!

हात खाली आणि तोंड बंद ठेवून उभी असलेली त्या मैदानात मी एकटीच. शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक सर केव्हाचे डोळे वटारत होते. संपल्यावर म्हणाले, "काय मॅडम, साधी प्रतिज्ञा नही म्हनी? मुख्याध्यापिका शेतस ना तुम्ही?"

मी स्टेजकडे बोट दाखवलं.

"आज ती शे."