चुकल्यावर येणारी वाक्यं

गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे मास्तर म्हणत. नव्या खेळाडूला चालायचं कसं, उडी कधी मारायची, दार कसं उघडायचं, हे खेळता खेळता शिकवणारा सुरुवातीचा धडा मास्तर बनवायचा. कामाचा ताठा असा, की कोणी पडद्यावरचा एक बाण इकडचा तिकडे करायला सांगितला तरी स्वारी दिवसभर गाल फुगवून बसायची.

आणि नेमक्या त्याच धड्यात माणसं गळत होती. चाचणीसाठी गेम दिलेल्यांपैकी निम्मे लोक दहा मिनिटांत गाशा गुंडाळत. साहेबांनी सांगून टाकलं, सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर धडा दुसऱ्याकडे जाईल. मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं. ऑफिसातल्या प्रत्येकाने तो धडा शेकडो वेळा खेळला होता आणि कोणालाही काही खटकलं नव्हतं. खटकणार कसं? चुकल्यावर पडद्यावर जी वाक्यं येतात, ती दिसायला आधी चुकावं लागतं. ही मंडळी तर डोळे मिटूनही बरोबर उडी मारायची.

म्हणून रविवारी तो लॅपटॉप घेऊन थोरल्या बहिणीकडे गेला. ताई औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, गेमच्या वाटेला जन्मात गेली नव्हती. तिने हसत कंट्रोलर हातात घेतला, पहिल्याच उडीला खड्ड्यात पडली, पुन्हा पडली. पडद्यावर अक्षरं उमटली, 'एवढं साधं जमत नाही?' तिसऱ्यांदा पडल्यावर, 'तुझ्याहून लहान पोरं करून मोकळी झाली.'

ताईने कंट्रोलर खाली ठेवला.

"काय गं, काय झालं?"

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. जरा डिवचलं की खेळाडूला चेव येतो, म्हणून."

"हे बाबांचं आहे," ती म्हणाली. "शब्दन् शब्द. रोज संध्याकाळी गणित घेताना हेच म्हणायचे. मी शाळा काय उगाच सोडली?"

मास्तरने लॅपटॉप ओढला आणि चुकल्यावर येणारी सगळी वाक्यं एकापाठोपाठ एक वाचली. 'पुन्हा. आता तरी नीट बघ.' 'डोकं घरी ठेवून आलीस का?' हे 'आलीस' बघून तो थिजलाच. हजारो अनोळखी खेळाडूंसाठी लिहिताना त्याने ते एका मुलीला उद्देशून लिहिलं होतं, आणि वर्षभर त्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"मला तर बाबा कधी असं बोलले नाहीत," तो कसाबसा म्हणाला. "मग माझ्या डोक्यात हे आलं कुठून?"

"तू तिथेच असायचास की. माझ्या खुर्चीमागे." ताईच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे तो आणखीच गारठला. "ते बोलले की तू हसायचास. ते तुझ्याकडे बघायचे आणि आणखी एक बोलायचे."

मास्तरला हे कधी आठवलंच नव्हतं. आता मात्र त्याला स्वतःचं हसणं ऐकू येत होतं.

ताईने कंट्रोलर पुन्हा उचलला. "ती अक्षरं बंद कर," ती म्हणाली. "आणि इथे बसून तूच शिकव मला."

त्याने अक्षरं बंद केली. ताईने उडी मारली आणि ती खड्ड्यात पडली. मग तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. हजारोंना शिकवणाऱ्या मास्तरला, चुकलेल्या माणसाशी काय बोलायचं, याचं एकही वाक्य येत नव्हतं.